वाचकांचे प्रश्न : चेहऱ्याला आम्ल, पण कोणते आणि किती?

पूर्वी या सदराकडे पत्रे येत ती मुरूम, वांग आणि केसगळतीची. आता वाचक थेट टक्केवारी लिहून विचारतात, ‘पाच टक्के लॅक्टिक घ्यावे की दहा टक्के मॅन्डेलिक?’ त्वचेचा वरचा मृत थर सैल करणाऱ्या सौम्य आम्लांविषयी इतकी पत्रे साठली होती की या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून सांगलीला बँकेत नोकरी करते. दिराच्या लग्नाला दहा दिवस राहिले असताना चेहरा उजळावा म्हणून ऑनलाइन मागवलेले लाल रंगाचे ‘पीलिंग सोल्यूशन’ लावले. दहा मिनिटांत धुवायचे होते. पण झोंबते आहे म्हणजे गुण येतो आहे असे वाटून वीस मिनिटे ठेवले. दुसऱ्या दिवशी गाल लाल झाले, चौथ्या दिवशी पापुद्रे निघाले आणि आता सहा आठवड्यांनी दोन्ही गालांवर तपकिरी डाग आहेत. बाटलीवर तीस टक्के एएचए (अल्फा हायड्रॉक्सी आम्ले) आणि दोन टक्के बीएचए (बीटा हायड्रॉक्सी आम्ल, म्हणजे सॅलिसिलिक) असे लिहिले आहे. हे डाग जातील का? आणि पुन्हा कधीच आम्ल लावू नये का?

आधी डागांविषयी, कारण तुमची झोप त्यांनीच उडवली असणार. दाह शमल्यावर त्या जागी मागे राहणारा हा काळेपणा आपल्याकडे अतिशय सामान्य आहे. हातावर तेलाचा थेंब उडाला किंवा मुरूम फोडला की जो डाग राहतो, तोच हा प्रकार. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतील रंगपेशी कोणत्याही इजेनंतर जास्तीचा रंग तयार करतात, आणि ती इजा चाकूची आहे की सौंदर्यप्रसाधनाची, हे त्यांना कळत नाही. रंग त्वचेच्या वरच्या भागात साठला असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत हळूहळू फिका होतो. डागाला राखाडी-निळसर छटा असेल तर रंग खाली उतरलेला असतो आणि त्याला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. तुम्ही तपकिरी असे लिहिले आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

सध्या साधा, फेस न करणारा फेसवॉश, सकाळ-संध्याकाळ बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन, याखेरीज चेहऱ्याला काहीही लावू नका. डाग घालवण्याच्या घाईत लिंबू, ब्लीच, रेटिनॉल किंवा व्हिटॅमिन सी यांतले काही लावले तर तोच दाह पुन्हा पेटेल. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिकचे असावे आणि ते तर्जनी व मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघांइतके घ्यावे; बहुतेक जण याच्या निम्मेही घेत नाहीत. शक्य असेल तर त्वचेच्या रंगाचे, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्या, कारण आपल्या वर्णाच्या त्वचेत नुसत्या दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात आणि पांढरी किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाहीत. लाली आणि कोरडेपणा पूर्ण गेल्यावर दहा टक्के अझेलेइक आम्ल सुरू करता येईल. नावाने तेही आम्लच. पण त्याचे कुळ वेगळे आहे आणि ते मुख्यतः अतिउत्साही रंगपेशींना आवर घालते. पहिले काही दिवस थोडी खाज सुटते, तिला घाबरू नये. तीन महिन्यांत काहीच फरक दिसला नाही, किंवा डाग वाढले, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आम्ल त्वचेला खरवडते किंवा विरघळवते अशी एक समजूत आहे, आणि ‘ॲसिड’ या शब्दामुळे ती पक्की होते. प्रत्यक्षात त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचे साधारण पंधरा ते वीस पापुद्रे एकमेकांवर रचलेले असतात आणि ते सूक्ष्म प्रथिनांच्या टिचबटणांनी एकमेकांना जोडलेले असतात. नव्या पेशी खालून वर येत राहतात, वरची बटणे आपोआप सुटतात आणि जुन्या पेशी आपल्या नकळत गळून पडतात. तरुण वयात हे चक्र साधारण चार आठवड्यांचे असते आणि वय वाढते तसे ते लांबते. अल्फा हायड्रॉक्सी आम्ले ही बटणे थोडी लवकर सोडवतात, एवढेच. ती वाजवी प्रमाणात असतील तर वरचे दोन-चार पापुद्रे जातात आणि चेहरा नितळ दिसतो. तीव्र असतील तर ती बटणांवर न थांबता खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोचतात, आणि तुमचे तेच झाले.

कोणते आम्ल सौम्य आणि कोणते तीव्र, हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे रेणूचा आकार. ग्लायकॉलिक आम्लाचा रेणू या कुळात सर्वांत लहान, त्याचा रेणुभार ७६. लॅक्टिक आम्लाचा ९०, मॅन्डेलिकचा १५२, ग्लुकोनोलॅक्टोनचा १७८ आणि लॅक्टोबायोनिकचा ३५८. रेणू जितका लहान तितका तो भराभर आणि खोल शिरतो, आणि एखाद्या ठिकाणी त्वचा थोडी जरी नाजूक असली तरी तिथे आधी शिरतो. म्हणून नाजूक त्वचेला मॅन्डेलिक किंवा ग्लुकोनोलॅक्टोनसारखे सावकाश जाणारे आम्ल अधिक मानवते.

दुसरी गोष्ट टक्केवारी, जी बाटलीवर ठळक छापलेली असते. आणि तिसरी सामू, म्हणजेच पीएच (हा आकडा जितका लहान तितके द्रावण अधिक आंबट), जो बहुधा छापलेला नसतो आणि ज्याच्याशिवाय टक्केवारीला फारसा अर्थ नसतो. ग्लायकॉलिक आम्लाच्या द्रावणाचा सामू ३.८ च्या सुमारास असेल तर त्यातले निम्मे आम्ल मोकळे, म्हणजे त्वचेत शिरण्याजोगे असते. तोच सामू ४.८ केला की जेमतेम दहावा हिस्सा मोकळा राहतो. म्हणजे ‘दहा टक्के’ असे लिहिलेल्या दोन बाटल्यांच्या जोरात पाचपटीचा फरक असू शकतो. अमेरिकेतील प्रसाधनघटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ मध्ये ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक आम्लांविषयी जो निर्णय दिला, त्यात घरी वापरण्याच्या उत्पादनांसाठी दहा टक्क्यांपर्यंतचे प्रमाण आणि ३.५ किंवा त्याहून अधिक सामू ही मर्यादा घातली आहे, आणि तीस टक्क्यांपर्यंतचे द्रावण प्रशिक्षित व्यक्तीने, थोडा वेळ लावून, पूर्णपणे धुऊन काढण्यासाठी राखून ठेवले आहे. तुमच्या बाटलीवरचा आकडा कोणत्या बाजूला पडतो ते तुमच्या लक्षात आलेच असेल.

प्रशिक्षित हातांकडूनही चूक होते, हे प्रांजळपणे सांगायला हवे. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, रुग्णांना लावण्याआधी स्वतःला काय वाटते ते पाहावे म्हणून, पस्तीस टक्के ग्लायकॉलिक आम्ल स्वतःच्या डाव्या गालाला लावून पाहिले होते. घड्याळ लावून तीन मिनिटांनी ते उदासीन केले आणि चेहरा धुतला. गालाला काही झाले नाही; परंतु नाकपुडीच्या कडेच्या घडीत एक थेंब साचून राहिला होता तो धुण्यात निसटला. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग पडला आणि तो जायला चार महिने लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांचे बाहेरचे कोन यांवर आधी व्हॅसलीनचा थर देतो.

तुम्हीही पुन्हा आम्ल वापराल तेव्हा हीच काळजी घ्या. डाग बरेचसे निवळल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार महिन्यांनी, पाच टक्के लॅक्टिक किंवा मॅन्डेलिक, अथवा ग्लुकोनोलॅक्टोन असलेले उत्पादन घ्यावे. आधी कानामागे तीन रात्री लावून पाहावे. काही झाले नाही तर रात्री चेहरा धुऊन, टॉवेलने टिपून, दहा मिनिटे पूर्ण कोरडा होऊ द्यावा, कारण ओल्या त्वचेत आम्ल अधिक शिरते. मग वाटाण्याएवढे घेऊन कपाळ, गाल आणि हनुवटी यांवर पसरावे आणि वरून मॉइश्चरायझर लावावे. आठवड्यातून एकच रात्र, पहिले तीन आठवडे. नंतर दोन रात्री. त्यापलीकडे जाण्याची तुम्हाला बहुधा गरज पडणार नाही. लावल्यावर मिनिटभर किंचित चुरचुरणे चालते. त्याहून जास्त वेळ झोंबत राहिले किंवा ऊब जाणवू लागली तर साध्या पाण्याने लगेच धुवावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये अशा उत्पादनांवर छापण्यासाठी जी सूचना सुचवली, तिच्यानुसार आम्ल वापरत असताना आणि ते बंद केल्यानंतरही एक आठवडा त्वचा उन्हाला अधिक हळवी असते. त्यामुळे आज रात्री लावले नाही म्हणून उद्या सनस्क्रीनला सुटी, असा हिशेब करू नये.

आणि लग्नकार्याच्या तोंडावर चेहऱ्याला कोणतीही नवी गोष्ट लावू नये. नवरीनेही नाही आणि जाऊबाईंनीही नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८. आमच्या आजी चेहऱ्याला दही, सायीत लिंबू, उगाळलेला बदाम आणि डाळीचे पीठ लावत. लॅक्टिक आम्ल दह्यातलेच ना? मग नातीने साडेपाचशे रुपयांची बाटली का आणावी? आणि उटण्याने होत नाही असे या बाटलीने काय होते? (रत्नागिरी)

बाई, तुमचा पहिला मुद्दा अगदी बरोबर आहे. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० मध्ये हे आम्ल वेगळे काढले ते आंबलेल्या दुधातूनच. परंतु घरच्या दह्यात ते साधारण एक टक्का किंवा त्याच्याही आत असते, आणि दह्याचा सामू चार ते साडेचारच्या दरम्यान असल्यामुळे त्यातलाही चौथा हिस्साच मोकळा असतो. शिवाय चेहऱ्यावर लावलेले दही पंधरा मिनिटांत वाळते. म्हणून दह्याने चेहरा मऊ वाटतो तो मुख्यतः त्यातल्या स्निग्धांशामुळे आणि ओलाव्यामुळे. मृत थरावर त्याचा परिणाम अगदी थोडा. त्याने नुकसानही सहसा होत नाही, तेव्हा आवडत असेल तर खुशाल लावावे.

लिंबाचे मात्र तसे नाही, आणि इथे आजींशी माझा मतभेद आहे. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल पाच-सहा टक्के असते आणि सामू दोनाच्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या ३.५ च्या मर्यादेच्या कितीतरी खाली. त्याहून वाईट म्हणजे लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्ये असतात, जी उन्हाशी संयोग होताच त्वचा भाजतात. मे महिन्यात अंगणात बसून सरबतासाठी शंभर लिंबे पिळणाऱ्या हातांवर काही दिवसांनी ओघळांच्या आकाराचे तपकिरी पट्टे उठतात ते याच कारणाने. अशी एक रुग्ण माझ्याकडे ‘यकृताचा आजार असावा’ या भीतीने आली होती. सायीमुळे लिंबाची तीव्रता थोडी बोथट होते, पण लावून उन्हात गेले तर तेवढ्याने निभाव लागत नाही.

बदामाची गोष्ट मजेची आहे. मॅन्डेलिक आम्लाचे नाव बदामाला जर्मन भाषेत जो शब्द आहे त्यावरून पडले, कारण १८३१ मध्ये विंकलर यांनी ते कडू बदामांतील द्रव्यावर रासायनिक क्रिया करून मिळवले होते. आपण सहाणेवर उगाळतो तो गोडा बदाम. त्यात ते मूळ द्रव्य जवळजवळ नसतेच, आणि असते तरी उगाळल्याने त्याचे आम्ल झाले नसते. आजींच्या लेपातून मिळत होते ते बदामाचे तेल, आणि कोरड्या त्वचेला तेही चांगलेच आहे.

उटण्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याचा मोह आवरत नाही. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, संत्र्याची साल आणि मसुराचे पीठ यांचे ते मिश्रण मृत थर घर्षणाने काढते. आम्ल तेच काम बटणे सोडवून करते. नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लागते ते अंगाला भरपूर तेल चोळून झाल्यावर, दुधात किंवा पाण्यात कालवून आणि वर्षातून मोजक्या वेळा. त्या तेलाच्या थरामुळे घर्षण सौम्य होते. तीच वाळलेली संत्र्याची साल मिक्सरमधून भरड काढून, कोरड्या चेहऱ्यावर, रोज सकाळी घासली तर गालांच्या उंचवट्यांवर काळेपणा येतो. पाठीला आणि दंडांना रोज नायलॉनची घासणी लावणाऱ्यांच्या अंगावर वाळूत उमटतात तशा तपकिरी लहरी उठलेल्या मी नेहमी पाहतो, आणि ती ‘मळाची पुटे’ समजून ही मंडळी आणखी जोराने घासत असतात. नातीची बाटली या रोजच्या घासण्यापेक्षा नक्कीच बरी. पण तिची त्वचा नितळ असेल, तर साडेपाचशे रुपयांतून चांगले सनस्क्रीन येते, आणि मी तिच्या जागी तेच आणले असते.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या मुली मॅन्डेलिक सीरम लावतात म्हणून तिलाही हवे आहे. तिला कपाळावर पाच-सहा पुटकुळ्या आहेत, बाकी चेहरा स्वच्छ आहे. (डोंबिवली)

या वयात मृत पेशी आपोआप आणि वेळेवर गळत असतात. त्यांना घाई करण्याचे कारण नाही. पुटकुळ्यांसाठी सॅलिसिलिक आम्ल असलेला फेसवॉश दिवसातून एकदा पुरेसा होईल. हे आम्ल पाण्यापेक्षा तेलात अधिक मिसळते, त्यामुळे तैलग्रंथींच्या तोंडाशी अडकलेल्या तेलापर्यंत ते पोचते. मॅन्डेलिक किंवा लॅक्टिक तिथे तितके पोचत नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर मात्र सॅलिसिलिक वापरू नये. केसांना तेल चोपडून त्याच केसांच्या झिपऱ्या कपाळावर येत असतील तर आधी ते थांबवून पाहा. कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचे निम्मे कारण बरेचदा तेलाच्या बाटलीत असते. पुटकुळ्या वाढल्या, दुखऱ्या झाल्या किंवा खड्डे पडू लागले, तर सीरमची चर्चा सोडून डॉक्टरांकडे यावे, कारण त्या अवस्थेला उत्तम औषधे आहेत आणि खड्डे एकदा पडले की पुरते भरत नाहीत. मुलीला नुसते ‘नाही’ म्हणू नका. तिला मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तिच्या पसंतीचे घेऊ द्या. तिची निम्मी हौस तिथेच भागेल.

प्रश्न : मी नागपूरला राहतो, वय ४५, काम दिवसभर उभ्याने. हिवाळ्यात पायांच्या टाचा फुटतात, कधी रक्त येते. शिवाय दंडांवर लहानपणापासून खरखरीत दाणे आहेत. हे आम्लांचे प्रकरण फक्त बायकांच्या चेहऱ्यासाठीच आहे का?

मुळीच नाही; किंबहुना या आम्लांचा जन्मच चेहऱ्यासाठी झाला नाही. माशाच्या खवल्यांसारखी कोरडी त्वचा घेऊन जन्मणाऱ्या माणसांचा एक आजार आहे. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या दोघांनी १९७४ मध्ये अशा रुग्णांवर अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि ते खवले सैल होऊन गळतात हे दाखवले. सुरकुत्या आणि चमक यांच्या जाहिराती बऱ्याच नंतरच्या. याच जोडीने पुढे ग्लुकोनोलॅक्टोनसारख्या अधिक सौम्य आम्लांवरही काम केले.

तुमच्या दंडांवरचे दाणे म्हणजे केसांच्या मुळांशी साठलेल्या मृत पेशींची बोंडे आहेत. सोललेल्या कोंबडीच्या कातडीसारखी दिसतात, पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात आणि त्यांपासून काही अपाय नसतो. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग दमट असतानाच, बारा टक्के अमोनियम लॅक्टेटचे लोशन रोज लावा. चेहऱ्यासाठी मी कोरड्या त्वचेचा आग्रह धरला आणि इथे दमट म्हणतो आहे, हे तुमच्या लक्षात येईल. दंडाची कातडी जाड असते आणि इथे आपल्याला आम्ल आत शिरायलाच हवे आहे, शिवाय लॅक्टेट हे त्वचेत मुळातच असणाऱ्या ओलावा धरणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे, त्यामुळे ते पाणी धरूनही ठेवते. सहा-आठ आठवड्यांत खरखर कमी होईल. बंद केले की दाणे परत येतील, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवावे. दंडांना वज्री लावू नका; ती टाचांसाठी आहे.

टाचांच्या भेगांतून रक्त येत असताना मात्र कोणतेही आम्ल लावू नये, डोळ्यांत पाणी येईल. आधी आठ-दहा रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून, पुसून, व्हॅसलीनचा जाड थर देऊन सुती मोजे घालून झोपा. भेगा मिटल्या की युरिया आणि लॅक्टिक आम्ल एकत्र असलेले मलम रात्री लावा आणि वज्री आठवड्यातून एकदाच, ओल्या टाचेवर, हलक्या हाताने फिरवा. मधुमेह आहे की नाही ते तुम्ही लिहिलेले नाही. असेल, तर टाच स्वतः घासणे, तसेच कुरूपावर लावायची चिकटपट्टी, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका; त्या पट्टीत चाळीस टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक आम्ल असते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम झालेली कळत नाही.

प्रश्न : पार्लरमध्ये थ्रेडिंग आणि वॅक्सिंग करते. आम्ल वापरत असताना ते चालू ठेवावे का? आणि मला तिसरा महिना लागला आहे. (पुणे)

थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच करण्याच्या आधी पाच ते सात दिवस आणि नंतर किमान तीन दिवस आम्ल बंद ठेवावे. सैल झालेला थर मेणाबरोबर उपटून निघतो आणि ओठावर किंवा भुवईखाली कच्ची, लाल जागा राहते. पार्लरमधल्या ताईंना तुम्ही काय लावता ते आधी सांगा. त्या सहसा विचारत नाहीत.

गरोदरपणात चेहऱ्यापुरते लॅक्टिक, कमी टक्केवारीचे ग्लायकॉलिक आणि अझेलेइक आम्ल वापरण्यास हरकत मानली जात नाही. सॅलिसिलिक आम्लाचे मोठ्या भागावरचे पील टाळावे. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि ॲडापालिन ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातली द्रव्ये या काळात अजिबात नकोत, आणि ही नावे ‘नाइट क्रीम’च्या मागच्या बारीक अक्षरांत लपलेली असतात, तेव्हा डबी उलटी करून वाचा. गालांवर वांग येऊ लागले तर बाळंतपणानंतर ते पुष्कळदा आपोआप कमी होते; तोपर्यंत सनस्क्रीन आणि छत्री.

प्रश्न : माझ्या बावीस वर्षांच्या मुलाची मान आणि काखा काळ्या पडल्या आहेत, हाताला मखमलीसारखे लागते. रोज घासूनही जात नाही. दहा टक्के लॅक्टिक लावू का? (सोलापूर)

लावल्याने पृष्ठभाग थोडा गुळगुळीत होईल, पण कारण तसेच राहील. मानेच्या घडीत जाड, मखमली आणि काळी होणारी त्वचा ही बहुधा शरीरातील इन्सुलिन नीट काम करत नसल्याची बाहेर दिसणारी खूण असते. मुलाचे वजन आणि कमरेचा घेर मोजा, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) तपासून घ्या आणि घरात कोणाला मधुमेह आहे का तेही डॉक्टरांना सांगा. वजन उतरले की मान उजळताना मी अनेकदा पाहिली आहे, कोणत्याही मलमाशिवाय. घासणे आजपासून बंद करा. त्याला आंघोळीचा कंटाळा आहे म्हणून मान काळी झाली, असे तुम्ही पत्रात पुढे लिहिले आहे. तो आरोपही मागे घ्यावा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली होती. लावली की चेहरा गोरा दिसायचा. आता एक दिवस जरी नाही लावली तरी चेहरा लाल होतो, आग होते, बारीक फोड येतात आणि हनुवटीवर केस वाढले आहेत. ती सोडून सौम्य आम्लाकडे वळावे असे वाटते. कोणत्या आम्लापासून सुरुवात करू? (लातूर)

कोणत्याही नाही, निदान पुढचे काही महिने. तुम्ही ट्यूबचे नाव लिहिलेले नाही, परंतु वर्णनावरून तिच्यात स्टिरॉइड असावे याविषयी मला फारशी शंका वाटत नाही. हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारे द्रव्य), ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड असे तीन घटक एकत्र असलेली मलमे वांगासाठी, थोड्या आठवड्यांपुरती आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. आपल्याकडे ती गोरे होण्याची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावली जातात. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम आणि लव वाढते, आणि बंद करताच चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. त्या लालीला घाबरून माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार इतक्या वेळा दिसू लागला की त्यांनी त्याला ‘स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नाव दिले, आणि त्यांच्या संघटनेच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांत घातली. ती आजही मागितली की मिळतात, हे तुम्हीही जाणता.

अशा पातळ झालेल्या त्वचेवर पाच टक्के लॅक्टिकसुद्धा तेजाबासारखे वागेल, म्हणून बाटली मागवली असेल तर ती बाजूला ठेवा. ट्यूबही एकदम तोडावी की हळूहळू कमी करावी, हे तिच्यातील स्टिरॉइड किती तीव्र आहे आणि तुम्ही ती दिवसातून किती वेळा लावत होता यावर ठरते, आणि ते पत्रातून ठरवता येत नाही. लाली शमवण्याची औषधे आहेत. पण पहिले काही आठवडे कठीण जातात, आणि त्या काळात आरशासमोर धीर देणारे कोणी घरात असावे, म्हणून घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना ट्यूब फेकून न देता, पिळून संपलेली असली तरी, तिच्या खोक्यासह बरोबर न्या. घटकांची नावे तिच्यावरच असतात आणि शेवटची घडी उलगडल्याशिवाय ती बहुधा दिसत नाहीत.